तशी काही तक्रार नाही

आर्डिस टॉलेफसनने नोकरी सोडली तेव्हा तिच्या निरोपाचा केक तिलाच लिहावा लागला. नॉर्डबी मार्केटच्या बेकरीत क्रीमने अक्षर काढणारा हात एकच होता, आणि तोच निघाला होता. "शुभेच्छा आर्डिस! आता मजा कर!" असं तिने निळ्या क्रीमने लिहिलं. खाली कोपऱ्यात थोडी जागा उरली. रिकामी जागा आर्डिसला बघवत नाही, म्हणून तिने तिथे एक मासा काढला आणि त्याला हसरं तोंड दिलं. हा मासा पुढे सरकारी पुरावा होणार आहे हे माहीत असतं, तर तिने निदान त्याचं तोंड तरी वाकडं काढलं असतं.

नोकरी सोडायचं कारण केकवर मावण्यासारखं नव्हतं. ऑगस्टमध्ये दुकानात नवा मॅनेजर आला, ग्लेन डिलुका, न्यू जर्सीचा. माणूस वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, आणि मनात येईल ते त्याच क्षणी तोंडावाटे बाहेर टाकायचा. मिनेसोटातल्या लेक ओस्लुंड गावात असं फक्त लहान मुलं करतात, तीही शाळेत जायला लागेपर्यंत. ग्लेनने हिशेब मांडला की केक ट्रकमधून आयते, गोठवलेले मागवले तर बेकरीत आठवडाभर माणूस लागत नाही. मग एका सकाळी शीतगृहाच्या दारावर पाळ्यांचा कागद लागला आणि त्यात आर्डिसच्या नावापुढे पाच दिवसांऐवजी दोन सकाळी उरल्या. दोन सकाळींवर दुकानाकडून आरोग्य विमा मिळत नाही. तिचा नवरा व्हर्लिन जिल्ह्याचा बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे येणारा अख्खा हिवाळा बर्फ बाहेर आणि व्हर्लिन सोफ्यावर. घर चालायचं ते आर्डिसच्या केकवर.

"चालेल ना, आर्डिस?" ग्लेनने विचारलं होतं.

आर्डिसने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि म्हणाली, "हं. हे वेगळंच आहे."

लेक ओस्लुंडमध्ये याच्यापुढे शब्द नाही. चर्चच्या जेवणात कुणी जेलीमध्ये मासे घालून आणले, कुणाच्या मुलाने मानेवर मुलीचं नाव गोंदवून घेतलं, कुणी घराला जांभळा रंग दिला, की लोक "वेगळंच आहे" म्हणतात आणि नजर वळवतात. तोंडावर तर सहसा कुणी म्हणतच नाही. आर्डिस तोंडावर म्हणाली. पलीकडे मांस कापणाऱ्या दोघांनी सुऱ्या खाली ठेवल्या. संध्याकाळपर्यंत आर्डिसला चुटपुट लागून राहिली, आपण फार बोललो की काय म्हणून.

"थँक यू!" ग्लेन म्हणाला. "मला वाटलंच होतं तुम्हाला आवडेल."

पुढच्या आठवड्यात तिने आणखी कडक भाषा वापरली. "तसंही करता येईल म्हणा," ती त्याला म्हणाली. तरी कागद बदलला नाही. मग तिने शेवटचं हत्यार काढलं: शुक्रवारी लिंबाच्या वड्या आणणं बंद केलं. कामगारांच्या खोलीत रिकामी ताटली बघून सगळे समजायचं ते समजले, एकमेकांशी दबक्या आवाजात बोलू लागले. ग्लेन म्हणाला, बरं झालं, माझं पथ्यच चालू आहे.

यानंतर स्वाभिमान असलेल्या बाईने काय करायचं? तिने राजीनामा दिला. ग्लेनला खरंच वाईट वाटलं. त्याने ताबडतोब केकची ऑर्डर दिली.

*

"बेकारी भत्त्याचा अर्ज कर," शेजारीण लाव्हॉन स्कोगक्विस्ट म्हणाली. लाव्हॉनला प्रत्येक संकटातला एक नातेवाईक माहीत असे. "माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला मिळाला होता, टर्कीचा कारखाना बंद पडला तेव्हा."

"त्याचा कारखाना बंद पडला. मी स्वतः सोडली गं."

"सोडली म्हणूच नकोस. ते लोक 'विभक्त झाले' म्हणतात. तो शब्द वापर, म्हणजे त्यांना कळतं की समोरच्याला यातलं कळतं."

शब्द आपण वापरायचा हे आर्डिसच्या लक्षात राहिलं. तो आपल्यालाही कुणी विचारेल हे राहिलं नाही. फोनवरच्या मुलीने नाव-पत्ता घेतला आणि सरळ विचारलं, "विभक्त कधी झालात?"

आर्डिस दचकली. "आम्ही? नाही हो. तो आत टीव्ही बघतोय."

"कोण?"

"व्हर्लिन. अधूनमधून कुरबुर असते, पण ती कुणाकडे नसते?"

"मॅडम, मी नोकरीबद्दल विचारतेय."

"अगंबाई," म्हणून आर्डिसने माफी मागितली. मग त्या मुलीचा वेळ घेतला म्हणून आणखी एकदा मागितली. मुलीने विचारलं, नोकरी का सोडली? आता इथे रडगाणं गायची सोन्यासारखी संधी होती. आर्डिस म्हणाली, "पाळ्या कमी केल्या होत्या. पण त्यांचंही बरोबर असेल म्हणा. मॅनेजर फार चांगले आहेत."

आतून व्हर्लिन ओरडला, "कुणाशी विभक्त होतेयस?"

पंधरवड्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर. कामाच्या अटी बिघडल्या म्हणून कुणी नोकरी सोडली तर भत्ता मिळू शकतो, पण त्याने आधी मालकाकडे तक्रार करून सुधारायची संधी द्यायला हवी. अर्जदाराने तक्रार केल्याचं दिसत नाही. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे अर्जदार समाधानाने आणि मासेमारीला वेळ मिळावा म्हणून गेली. सोबत पुरावा. सोबत केकचा रंगीत फोटो होता. मासा हसत होता.

आर्डिसने जन्मात मासा धरला नव्हता. व्हर्लिनने एकदा गळ तिच्या हातात दिला होता, तेव्हा तिने अळीची क्षमा मागितली होती.

"असू दे," ती म्हणाली. "त्यांचाही काही दोष नाही." आणि पत्र घडी करून ठेवलं. अपील वगैरे करून लोकांना कशाला त्रास?

मग ती गॅरेजमध्ये बटाटे आणायला गेली. तिथे व्हर्लिनची बोट धुऊनपुसून ठेवली होती. हिवाळ्याच्या तोंडावर बोट कुणी धुवत नाही. बोटीमागे, भिंतीकडे तोंड करून, एक फळी होती. आर्डिसने ती वळवली. तिच्यावर "विकणे आहे" असं रंगवलं होतं. अक्षर अगदीच गचाळ होतं, शेवटी जागा पुरली नव्हती. व्हर्लिन एका पायावर उभा राहून केव्हा हे करून बसला होता देव जाणे. तिला तो एका शब्दाने बोलला नव्हता. तक्रार न करण्याचा वसा काही तिच्या एकटीचा नव्हता.

आर्डिसने फळी होती तशी ठेवली, बटाटे तिथेच विसरली, घरात येऊन कोट न काढता लाव्हॉनला फोन केला. "अपील कसं करतात गं?"

*

सुनावणी फोनवर होणार होती. न्यायाधीश बोलणार, ग्लेन बोलणार, आर्डिसने बोलायचं. यातल्या तिसऱ्या गोष्टीची सगळ्यांना धास्ती होती.

लाव्हॉनने रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. ती स्वतः न्यायाधीश झाली, व्हर्लिनला ग्लेन केलं.

"मिसेस टॉलेफसन," लाव्हॉन नाकातून म्हणाली, "तुम्हाला काय तक्रार आहे?"

"म्हणजे बघा... तशी काही तक्रार नाही."

"आर्डिस!"

"नाही, म्हणजे आहे, पण लोकांना याच्यापेक्षा मोठाले त्रास असतात."

लाव्हॉनने पद्धत बदलली. थर्मासमधली सकाळची गार कॉफी कपात ओतली, वर अर्धा पेला पाणी घातलं. "पी. आणि तक्रार कर. सोपी तक्रार आहे, जीभ सैल होईल."

आर्डिसने घोट घेतला. चेहऱ्याची एक नस हलली नाही. "छान आहे. उन्हाळ्यात तर फारच छान लागेल."

"हिने लग्नात पाद्रीबाबांनी चुकीचं नाव घेतलं तेव्हासुद्धा हो म्हटलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "अर्धा तास मी एका ऑर्लिसचा नवरा होतो."

"मग तू का नाही बोललास?" लाव्हॉनने विचारलं.

व्हर्लिनने गुडघ्यावरची पट्टी सारखी केली.

अपील चालू असेपर्यंत कामही शोधत राहायचं असा नियम होता. आर्डिस पेट्रोल पंपावर मुलाखतीला गेली. तिथल्या बाईने विचारलं, तुमच्यातले चांगले गुण सांगा. आर्डिस बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी वेळेवर येते. बर्फ नसला तर." मग अवगुण विचारले. त्यावर तिला इतकं सुचलं की त्या बाईला मध्येच गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. शाळेच्या स्वयंपाकघरात जागा होती, पण तिथे तिला समजलं की आणखी एक बाई उमेदवार आहे आणि तिला तीन मुलं आहेत. आर्डिसने स्वतःऐवजी तिचीच शिफारस केली. बाईला नोकरी लागली. तिने आर्डिसला आभाराचं कार्ड पाठवलं. ती ते फ्रिजवर लावत होती तेव्हा व्हर्लिनने कार्डाकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं, आणि गॅरेजमध्ये निघून गेला. आर्डिस कान देऊन ऐकत राहिली. फळी सरकल्याचा आवाज येतो का, एवढंच.

त्या दिवशी आला नाही.

*

सुनावणीच्या दिवशी फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर, स्पीकर चालू. व्हर्लिनचा पाय एका खुर्चीवर, व्हर्लिन दुसऱ्या खुर्चीवर. लाव्हॉन सिंकपाशी भांडी पुसायचं फडकं घेऊन उभी. भांडी नव्हती.

"मी न्यायाधीश बेनाविदेस," फोनमधून बाईचा आवाज आला. शांत, कोरडा. "सगळं रेकॉर्ड होतंय. मिसेस टॉलेफसन, तुमच्याबरोबर खोलीत आणखी कोण आहे?"

नुकतीच शपथ घेतलेली. आर्डिस म्हणाली, "माझा नवरा. आणि शेजारीण. तिला खरं तर बोलावलं नव्हतं."

लाव्हॉनने तोंड उघडलं.

"साक्षीदार नसलेल्यांनी बोलायचं नाही," फोन म्हणाला. लाव्हॉनने तोंड मिटलं. त्या घरात हे कुणाला आजवर जमलं नव्हतं.

"पुरावा क्रमांक दोन. केकचा फोटो. हा केक कुणी लिहिला?"

"मी."

"स्वतःच्या निरोपाचा केक तुम्ही स्वतः लिहिलात?"

"दुकानात बाकी कुणाचं अक्षर बरं नाही."

"'आता मजा कर' हा मजकूर?"

"तो ग्लेननी लिहून दिला होता."

"आणि मासा?"

आर्डिसने टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं. "मासा माझा."

"हसतोय."

"केकवरचे मासे हसरेच काढतात, मॅडम."

टाइप केल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. एका माशाबद्दल इतकं काय लिहिण्यासारखं असेल ते आर्डिसला कळेना.

"आता महत्त्वाचा प्रश्न. पाळ्या कमी झाल्या तेव्हा तुम्ही मालकाकडे तक्रार केली होती?"

"म्हणजे... तशी काही..."

लाव्हॉनने फडकं दोन्ही हातांनी पिळलं. व्हर्लिन टेबलाकडे बघत होता.

"...केली होती," आर्डिस म्हणाली. "माझ्या परीने."

"कोणत्या शब्दांत?"

"मी म्हणाले, 'हे वेगळंच आहे.'"

"बरोबर!" ग्लेनचा आवाज फोन फोडून बाहेर आला. "अगदी हेच म्हणाल्या! मॅडम, मी शपथेवर सांगतो. मी पाळ्यांचा कागद दाखवला, त्या म्हणाल्या, वेगळंच आहे! त्यांना आवडलं होतं!"

लाव्हॉनने कपाळावर हात मारला.

"मिस्टर डिलुका," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्ही या राज्यात केव्हापासून आहात?"

"ऑगस्टपासून."

"मी टेक्सासची. लग्न करून इकडे आले. पहिल्या नाताळात सासरच्या सगळ्या माणसांना आमच्याकडचे वाफवलेले तमाले करून घातले. दोन दिवस मक्याच्या पानांत एकेक गुंडाळत बसले होते. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, 'हे वेगळंच आहे हं.' मला इतका आनंद झाला की पुढच्या नाताळात दुप्पट केले." त्या थांबल्या. "तिसऱ्या वर्षी नवऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं."

"काय सांगितलं?" ग्लेनने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"पण माझ्या सासूबाई हा पुरावा होत नाही," बाईंचा आवाज परत कोरडा झाला. "त्यामुळे मिसेस टॉलेफसन, तुम्ही सांगायचं. त्या शब्दांचा तुमच्या मनातला अर्थ काय होता? स्पष्ट सांगा. मला तुमच्या वतीने काही गृहीत धरता येत नाही."

म्हणजे झालं. आता मध्ये आडपडदा नाही, "म्हणा" नाही, "बघा" नाही. आर्डिसने टेबलाची कड धरली.

"ग्लेन फार चांगले आहेत," तिने सुरुवात केली. लाव्हॉनने डोळे मिटले. "पण मला राग आला होता."

एवढं बोलून ती थांबली. काही कोसळलं नाही. फ्रिज तेवढा घरघरत होता.

"ट्रकमधून ते जे केक येतात ना, त्यांच्यावर नावासाठी एवढीशी जागा सोडलेली असते. 'बो' मावतं. 'क्रिस्टोफर' मावत नाही. मी एका मुलाचं नाव अर्धं वर लिहिलं आणि अर्धं कडेवरून खाली उतरवलं. त्याची आई बघून म्हणाली, 'ठीक आहे.' ती ठीक आहे म्हणाली, मॅडम! मला रात्री झोप नाही. या गावातल्या प्रत्येक पोराचा केक मी केलाय, काहींच्या आयांचाही. मला दोन सकाळी नको होत्या. मला माझे पाच दिवस हवे होते. माझा नवरा घरी बसलाय आणि तो माझ्यापासून लपवून बोट विकायला काढतोय, आणि मी केकवर मासे काढत होते. मला वाटलं मी बोलले. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. एका तुम्हालाच नाही गेलं, ग्लेन!"

व्हर्लिनने मान वर केली.

"अहो, मग सांगायचं ना!" ग्लेन कळवळून म्हणाला.

"सांगितलं होतं!" आर्डिस ओरडली.

त्या स्वयंपाकघरात आजवर कुणी ओरडलं नव्हतं. लाव्हॉनच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मॅडम," जरा वेळाने ग्लेन म्हणाला, "हे इथे बोलायचं की नाही मला माहीत नाही. पण ते केक कुणी घेत नाहीये. आर्डिस, परत या. पाचही दिवस, विम्यासकट. ट्रकवाल्याला मी उद्याच नको सांगतो."

आणि आर्डिसच्या तोंडून, शिंक यावी तसं, निघून गेलं, "अहो नको, नको. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

यात तिचा काही दोष नाही. लेक ओस्लुंडमध्ये कुणी काहीही देऊ केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग ती कॉफी असो, गाडीत जागा असो की मूत्रपिंड. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, एवढं म्हणताय तर थोडंसं." पण न्यू जर्सीत एकदाच विचारतात.

"बरं," ग्लेन पडेल आवाजात म्हणाला. "समजलो. माझंच चुकलं."

टाइप करायचा आवाज थांबला. "मिसेस टॉलेफसन, नोंद करण्याआधी विचारते. देऊ केलेलं योग्य काम विनाकारण नाकारलं तर भत्ता तिथेच थांबतो. तुम्ही आत्ता काम नाकारलंत?"

आर्डिस फोनकडे बघत राहिली. ग्लेन आता दुसऱ्यांदा विचारेल. विचारायला हवं. माणसं विचारतात. लाव्हॉन शब्दाविना दोन्ही हात हलवत होती, ओठांनी 'हो म्हण' असं करत होती, शेवटी एका पायावर उड्या मारायला लागली. व्हर्लिन उठू बघत होता आणि गुडघा त्याला उठू देत नव्हता. फोन गप्प. कुणीच विचारत नव्हतं.

"हवंय," आर्डिस म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"मला हवंय." हे दोन शब्द तिने कधी एका दमात उच्चारले नव्हते. तोंडात अनोळखी चव आली. "मला माझं काम हवंय. पाचही दिवस. आणि केक मी तिथेच भाजणार. आणि सोमवारपासून नाही जमणार, बुधवारपासून. व्हर्लिनला डॉक्टरकडे न्यायचंय."

"बुधवार!" ग्लेन आनंदाने ओरडला. "उत्तम!"

"नोंद केली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "निकाल टपालाने येईल."

निकाल आठवड्याने आला आणि तिच्या बाजूने आला: तक्रार झाली होती, स्थानिक भाषेत झाली होती, मालकाला ती समजायला हवी होती, मधल्या आठवड्यांचा भत्ता द्यावा. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फोन बंद झाला तेव्हा लाव्हॉनने पडलेलं फडकं उचललं. लाव्हॉन एवढंच म्हणाली, "मी निघते," आणि खरोखर लगेच निघाली, दारात अर्धा तास उभी न राहता. आर्डिस टेबलापाशी तशीच बसून होती.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. अंडी कर."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाचा आधार घेऊन, कण्हत, उभा राहिला. एक कपाट उघडलं, त्यात ताटल्या होत्या. दुसरं उघडलं, त्यात पीठ. इतक्या वर्षांच्या संसारात तवा कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"डावीकडे, खालच्या खणात," आर्डिस म्हणाली. आणि उठली नाही.